मात्रा खोडून काना

लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या त्या प्रकाशनात तिला सगळे मात्राबाई म्हणत. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानावरचे काने, मात्रा, वेलांट्या, उकार डोळ्यांत तेल घालून तपासायचे हे तिचं काम. नेमणुकीच्या कागदावर ‘मुद्रितशोधक’ असा भारदस्त शब्द होता, पण तो उच्चारायचे कष्ट कोणी घेत नसे. मात्राबाई हे नाव पडायला आणखी एक कारण होतं. तिने एकदा लाल पेनाने रेघ ओढली की तिच्यापुढे कोणाचीच मात्रा चालत नसे. संगणकावर अक्षरं जुळवणाऱ्या मुली तिला वचकून असत आणि चित्रकार तिची चाहूल लागली की कागदात डोकं खुपसून बसे. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे खरं. फुकटचा नव्हता, हेही खरं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. या हकिकतीत संपादक आला, बसला, म्हणाला असंच येईल. मालकही आला आणि गेलाच. वाचताना कोणाला ते उद्धट वाटलं तर खुशाल वाटू द्या. मात्राबाईचे बाबा मात्र इथे आले, बसले, म्हणाले. असं का, ते थोडं पुढे गेलं की आपोआप कळेल.

प्रकाशनाची कचेरी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रं सुरू झाली की वर टेबलांचे पाय थरथरत आणि चहाच्या कपात बारीक लाटा उठत. मात्राबाईचं टेबल पाण्याच्या पिंपाशेजारी होतं. बाटली भरायला येणारा प्रत्येक जण तिच्या खांद्यावरून डोकावून, ‘बाई, अजून चुका निघतायत का हो?’ असं विचारून जाई. ती वर न बघता म्हणे, ‘तुमच्या कृपेने तोटा नाही.’

यंदाचं मोठं काम होतं ‘आमच्या गल्लीतली माणसं’. पानोपानी एक रंगीत चित्र आणि खाली दोन ओळींचं गाणं. पहिलीच्या वर्गांसाठी झाडून सगळ्या शाळांनी ते मागवलं होतं, त्यामुळे मालक गेले काही दिवस जिना चढताना शीळ घालत होता. गाणी लिहिणारी लेखिकाबाई नावाजलेली होती. गोड गळ्याची, मऊ बोलण्याची, भेटेल त्या मुलाला ‘माझं सोनं’ म्हणणारी. मुलांना आपल्या आसपासच्या माणसांबद्दल जिव्हाळा वाटावा म्हणून हे पुस्तक, असं तिने पहिल्या पानावर लिहिलं होतं. जिव्हाळा हा शब्द तिने तिथे दोनदा वापरला होता.

प्रूफं आली तशी मात्राबाई वाचू लागली.

‘आले आले डॉक्टरकाका, म्हणती खोकला लपवू नका.’ ठीक. ‘आले आले पोस्टमनकाका, पत्र देती मारून हाका.’ ठीक. ड्रायव्हरकाका आले, पोलीसकाका आले, शाळेच्या बाई आल्या. तिने पान उलटलं. निळ्या गणवेशातला, भरघोस मिशांचा एक माणूस लांब दांड्याचा झाडू घेऊन उभा होता. खाली ओळी होत्या:

‘आला आला झाडूवाला,
कचरा सारा घेऊन गेला.’

तिने ते वाचलं. मागची पानं उलटून पुन्हा वाचलं. बाकी झाडून सगळे काका, हा एकटाच वाला. बाकी सगळे आले, हा एकटाच आला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल पेन उघडलं, एकेक काना खोडला आणि डोक्यावर मात्रा दिली: ‘आले आले झाडूवाले, कचरा सारा घेऊन गेले.’ यमक जिथल्या तिथे. ठेका जिथल्या तिथे. ओळ मुंगीएवढीसुद्धा लांबली नाही. तिने पान संपादकाच्या खोलीत पाठवून दिलं.

पान परत आलं ते समासात हिरव्या शाईचा शेरा घेऊनच: ‘आहे तसं ठेवा.’ तिने तो शेरा वाचला न वाचल्यासारखा केला आणि पुढच्या प्रूफात पुन्हा मात्रा दिल्या. पुन्हा हिरवा शेरा. पुन्हा लाल मात्रा. अक्षरं जुळवणारी मुलगी रडकुंडीला आली. ‘बाई, मी नक्की कोणाचं ऐकू?’ ती म्हणाली. ‘मराठीचं,’ मात्राबाई म्हणाली आणि तिला आणखी गोंधळात टाकून निघून गेली.

आता हे एवढं जिवाला लागायचं कारण. मात्राबाईचे बाबा जन्मभर रस्ते झाडत होते. उजाडायच्या आत घर सोडत आणि दुपार कलल्यावर परत येत. जिन्यात त्यांच्या वहाणा वाजल्या की तिची आई चुलीपाशी वळून म्हणे, ‘हे आले गं, पाणी ठेव.’ बाबा नेहमी आले. बसले, जेवले, झोपले. मुलीने कधी चुकून ‘बाबा आला’ म्हटलं असतं तर आईने उलथनं फेकून मारलं असतं. आणि शाळेला जाताना तिला रस्त्यात बाबा दिसत, तेव्हा वरच्या खिडक्यांतून बायका ओरडत असत, ‘अगं, झाडूवाला आला बघ, डबा दे खाली.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं. कोण आला, ते शोधायला.

मग शाळेत धडा आला. ‘झाडूवाला येतो. तो रस्ता झाडतो.’ वाचायची पाळी नेमकी तिची. तिने उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, ‘झाडूवाले येतात. ते रस्ता झाडतात.’ वर्ग फिदीफिदी हसला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘किती येतात गं?’ शिकवणारी बाई म्हणाली, ‘नीट बघून वाच. एकच आहे.’ तिने पुन्हा तसंच वाचलं. तिसऱ्यांदाही तसंच. मग शाळा सुटेपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती. त्याच धड्यात डॉक्टर येतात, ते औषध देतात, असंही वाक्य होतं. डॉक्टर किती येतात, हे विचारायचं तिला त्या वयात सुचलं नाही. सुचलं तेव्हा शाळा कधीच मागे पडली होती. त्या दिवसापासून हा राग तिच्याकडे बिऱ्हाड करून राहिला होता.

आता आई गेली होती, बाबा निवृत्त झाले होते. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टीत तेवढा यायचा. घरात ती, बाबा आणि तिची मुलगी. मुलीला घरात टिटवी म्हणत, कारण तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई आणि झोपेखेरीज तो थांबत नसे. टिटवी यंदाच पहिलीत गेली होती. म्हणजे हे पुस्तक तिच्याच दप्तरात येणार होतं.

मात्राबाई प्रूफं घरी आणी. बाबांनी एकदा चष्मा लावून चाळायला घेतली आणि झाडूवाल्याच्या चित्रापाशी थबकले. कागद दिव्याखाली धरला, लांब धरला, जवळ धरला.

‘ही मिशी माझी आहे,’ ते म्हणाले.

‘बाबा, चित्रकाराने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही.’

‘मग मिशी आणली कुठून त्याने? ही माझीच आहे. टिटवे, बघ गं, कोण आहे हा?’

‘आजोबा!’ टिटवी किंचाळली. ‘आजोबा पुस्तकात आले!’

झालं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्या निवृत्त मंडळींना कळलं की बाबा पुस्तकात येतायत. बाबा तसे मितभाषी. पण त्या दिवसापासून ते रोज विचारू लागले, ‘आलं का गं पुस्तक?’ खालच्या ओळीत काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना मिशी पुरे होती.

शेवटी मालकाने सगळ्यांना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. लेखिकाबाई आधीच येऊन बसली होती. संपादक आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘बाई, तुम्ही शुद्धलेखन बघा. समाजसुधारणा आम्ही बघतो.’

‘बघा ना, सर. कधी सुरू करताय?’

मालक खोकला. संपादकाने आवाज खाली आणला. हा माणूस ओरडत नसे. समजावत असे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ‘हे बघा, “झाडूवाले आले” म्हटलं की डोळ्यांपुढे घोळका उभा राहतो. चित्रात माणूस एकच आहे. मुलांचा गोंधळ होईल.’

‘चित्रात डॉक्टर किती आहेत?’

‘डॉक्टरांचं वेगळं.’

‘काय वेगळं?’

‘अहो, ते आदरार्थी आहे!’ संपादक म्हणाला. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण मग तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

लेखिकाबाईला आता वाईट वाटू लागलं होतं. ‘पण मी तर त्याला पान दिलंय!’ ती म्हणाली. ‘दुसरं कोण देतं हो झाडूवाल्याला पान? आणि मुलं घरात जसं ऐकतात तसंच मी लिहिते. त्यात कृत्रिमपणा आला की गाणं मेलं. सगळ्या घरांत “झाडूवाला आला” असंच म्हणतात ना? तुम्ही काय “आले” म्हणता?’

‘हो. आमच्या घरी “आले” म्हणतात.’

‘म्हणजे?’

मात्राबाईचा आवाज चढला. खाली यंत्रं चालू होती, तरी बाहेरच्या टेबलांवरची डोकी वर झाली. ‘म्हणजे असं, की हे पुस्तक वाचणारं एकच मूल तुमच्या डोळ्यांपुढे आहे. त्याच्या दारात झाडूवाला येतो, कचरा घेतो आणि जातो. जातो कुठे तो? पुस्तक मिटलं की विरघळतो? तोही संध्याकाळी कोणाच्या तरी घरी येतो. त्या घरातलं मूलही पहिलीतच आहे आणि तेही याच पुस्तकावर अक्षरं लावणार आहे. त्याने काय वाचायचं? आमचे बाबा आला?’

लेखिकाबाईने हलकेच विचारलं, ‘तुमच्या घरी कोणी आहे का या कामात?’

‘माझे वडील.’

‘अगं बाई! मला आधी सांगायचंत ना,’ ती म्हणाली आणि मात्राबाईच्या हातावर हात ठेवला. त्या मऊ हाताचा मात्राबाईला जेवढा संताप आला तेवढा हिरव्या शाईचाही आला नव्हता. आत्तापर्यंत ती भाषेबद्दल बोलत होती, चूक की बरोबर याबद्दल बोलत होती. त्या एका हाताने तिला दुखावलेली मुलगी करून टाकलं. आणि दुखावलेल्यांची समजूत काढायची असते, त्यांचं म्हणणं ऐकायचं नसतं.

‘तरीच,’ संपादक मान हलवत म्हणाला. ‘तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला आदर आहेच. पण हे तुमचं वैयक्तिक झालं. पुस्तक सगळ्यांसाठी आहे.’

सगळ्यांसाठी! म्हणजे तिचे बाबा सोडून उरलेल्यांसाठी. आणि वर तेही तिच्याच तोंडावर सांगायचं.

मालक व्यवहारी माणूस. ला आणि ले यांतला फरक त्याला कळत नव्हता अशातला भाग नाही. त्याला त्यातली कटकट तेवढी दिसत होती. तो म्हणाला, ‘ज्या पानावरून भांडण, ते पानच नको. उद्या शाळेतून कोणी तक्रार केली म्हणजे? चित्रकाराकडे एक मांजर पडलंय ना? ते टाका.’ लेखिकाबाईने तिथल्या तिथे दोन ओळी जुळवल्या. बैठक संपली, चहा आला.

नवं प्रूफ मात्राबाईच्या टेबलावर पडलं:

‘आली आली मनीमाऊ,
म्हणते आधी मला खाऊ.’

एकही चूक नव्हती. मांजराला नाव होतं. मांजराला आवडनिवड होती. मांजर ज्या रस्त्यावर पाय पसरून बसलं होतं तो रस्ता आरशासारखा लख्ख होता, कारण चित्रकाराने रस्ता तोच ठेवला होता, फक्त माणूस पुसला होता. हा रस्ता झाडला कोणी, याचा पुस्तकभर पत्ता नव्हता. वगळल्याने कोणाचा अपमान होत नाही, असं मानणारी माणसं जगात फार आहेत. त्यांना कधी कोणी वगळलेलं नसतं. मुलांच्या पुस्तकांची कपाटंच्या कपाटं अशी लख्ख रस्त्यांनी भरलेली आहेत, आणि ती लिहिणारे लोक जिव्हाळा हा शब्द दोनदा वापरतात.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखं विचारलं, ‘आलं का गं पुस्तक?’

तिने सांगून टाकलं. ते पान काढलं, तिथे मांजर घातलं. का, तेही सांगितलं. टिटवी शेजारी खेळायला गेली होती म्हणून बरं. बाबा ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

‘म्हणजे तू भांडलीस म्हणून मी गेलो?’

‘मी भांडले नसते तर त्यांनी “आला” छापलं असतं, बाबा.’

‘मग छापू द्यायचं! जन्मभर आला-गेलाच ऐकलं मी. माझ्या अंगाला भोकं पडली? पुस्तकात होतो ना मी! टिटवीच्या वर्गातली पोरं बघणार होती. आता मांजर बघतील.’

‘तुम्हाला कोणी असं म्हटलेलं मला नाही चालत.’

‘तुला?’ बाबा उठून उभे राहिले. तिच्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे आता तो कुठे थांबवायचा हे त्यांना कळेना. ‘त्या पानावर माणूस कोण होता? तू की मी? तू शिकलीस, तुझी कातडी पातळ झाली. माझी नाही झाली. मला चालेल म्हणतोय ना मी! मला चालेल!’

तिच्या ओठांवर खूप काही आलं होतं. तुम्ही गप्प बसलात म्हणून मला बोलावं लागतंय, असंही आलं होतं. ती ते गिळून बसली. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवसापासून ते नाक्यावरच्या बाकावर जाईनासे झाले. मंडळी विचारतील, काय झालं पुस्तकाचं, आणि मांजराचं नाव सांगायचं कोणत्या तोंडाने? टिटवीने विचारलं, आजोबा आजारी आहेत का. मात्राबाईला घरातली ती शांतता असह्य झाली. आपण कोणासाठी भांडलो, हा प्रश्न तिला भाजी निवडताना पडे, प्रूफं वाचताना पडे, आणि उत्तर दरवेळी निराळं येई. बाबांसाठी म्हणावं तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. व्हरांड्यात उभ्या केलेल्या त्या पोरीसाठी म्हणावं, तर तिच्या हट्टापायी म्हातारे बाबा घरात कोंडून बसलेत. रागाला कुठूनही तोंड फुटेना.

छपाई अजून व्हायची होती. एके दिवशी ती मालकाच्या काचेच्या खोलीत गेली. ‘झाडूवाल्याचं पान परत घ्या,’ ती म्हणाली.

मालक हसला. ‘अहो, तुम्हीच तर...’

‘घेणार की नाही?’

‘घेतो ना. मांजर मलाही नव्हतं आवडलं. पण मूळ होतं तसं. आणि दुरुस्ती तुमच्याच हाताने करून द्या, खाली सही करा, म्हणजे पुढे कटकट नको.’ मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, ‘शेवटच्या पानावर यंदा तुमचंही नाव टाकू. मुद्रितशोधन म्हणून. इतकी वर्षं राबताय.’

तिने जुनं प्रूफ समोर घेतलं. तिच्याच लाल मात्रा. तिने एकेक मात्रा खोडली आणि एकेक काना दिला. आला. आला. वाला. गेला. दुसऱ्याने केलं असतं तर ती त्याच्या अंगावर धावून गेली असती. खाली ‘छपाईस हरकत नाही’ असं लिहून तिने सही केली. हरकत नाही! हरकतीशिवाय तिच्या अंगात त्या क्षणी दुसरं काहीही नव्हतं. बाहेर संपादक भेटला. ‘समजूतदारपणा दाखवलात, बाई,’ तो म्हणाला.

‘समजूतदारपणा तुम्हीही कधीतरी दाखवा, सर. नेहमी आमच्यावरच का सोडता?’ ती म्हणाली आणि पिंपापाशी जाऊन घटाघटा पाणी प्यायली.

घरी तिने एवढंच सांगितलं की पान परत घेतलं. बाबांनी दुसरं काही विचारलं नाही. दाढी केली, मिशीला कात्री लावली आणि बाकावर गेले. परत आले तेव्हा खुशीत होते. टिटवीला त्यांनी गोळ्या आणल्या होत्या. मात्राबाईने स्वतःला बजावलं की झालं हे बरं झालं. अक्षरं काय, कागदावर असतात.

पुस्तकं शाळेत पोचली. त्या दिवशी टिटवी घरी आली ती दप्तर छातीशी धरूनच. आजोबा दूध आणायला गेले होते. तिने जमिनीवर पालथं पडून पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून मोठमोठ्याने वाचायला लागली. डॉक्टरकाका आले, पोस्टमनकाका आले. मात्राबाई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. ती ते पान यायची वाट बघत होती, आणि ते यायच्या आत जिन्यात वहाणा वाजल्या.

टिटवी ताडकन उठली. तिला पान शोधावं लागलं नाही, तिने आधीच बोट घालून ठेवलं होतं. पुस्तक दोन्ही हातांनी डोक्यावर उघडं धरून ती दारात जाऊन उभी राहिली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. आजोबा शेवटच्या पायरीवर येताच ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली:

‘आला आला झाडूवाला,
कचरा सारा घेऊन गेला!’

बाबा हसले.

ते हसू मात्राबाईच्या ओळखीचं होतं. वरच्या खिडकीतून कोणी हाक मारली की बाबा मान वर करून तसे हसत. ओठ तेवढे हलत, डोळे नाही. त्या हसण्याचा अर्थ एवढाच असे की मी काही बोलणार नाही, तुम्ही निर्धास्त असा. ते हसू त्यांनी जन्मभर रस्त्यावर ठेवलं होतं. घरात, स्वतःच्या माणसांसमोर, ते हसू त्यांच्या तोंडावर आज पहिल्यांदा आलं, आणि ते आपोआप आलं.

मात्राबाईने धावत जाऊन पुस्तक हिसकावलं. ‘गप्प! गप्प बस! असं म्हणतात आजोबांना?’

टिटवीला काही कळेना. तिने भोकाड पसरलं. ‘पुस्तकात तसंच आहे! आमच्या बाईंनी सगळ्यांकडून तसंच म्हणून घेतलं! मी सांगितलं हे माझे आजोबा आहेत, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! आणि मागे तुझं नाव पण आहे! आई, तुझंच नाव आहे!’

होतं. बारीक टाइपात, शेवटच्या पानावर, अगदी शुद्ध छापलेलं.

बाबांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. हळूच खाली बसले. तोंडावरचं हसू त्यांनी हाताने पुसावं तसं पुसलं. मग मुलीच्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी ते पान पुन्हा उघडलं आणि स्वतःच्या मिशीकडे बघत राहिले.

‘मी चालेल म्हणालो होतो ना,’ ते मुलीला म्हणाले. त्यांचा आवाज फाटला, आणि त्यात राग होता. तिला वाटलं होतं बाबांकडे तो नाहीच. ‘नाही चालत गं. अजिबात नाही चालत.’

‘काय नाही चालत, आजोबा?’ टिटवीने नाक पुसत विचारलं.

उत्तर मात्राबाईला पाठ होतं. पण ते द्यायचं तर त्याआधी पोरीला हे सांगावं लागणार होतं, की ज्यांना ती रोज ‘आले’ म्हणते त्यांना बाहेर सगळे ‘आला’ म्हणतात, आणि असं का म्हणतात. तिला आजवर यातलं काहीच माहीत नव्हतं. आजोबांचं गाणं मिळालं म्हणून ती खूश होऊन घरी आली होती. आता तिला अपमान म्हणजे काय ते शिकवावं लागणार होतं, आणि पोर पहिलीत होती.